मोटारीला पदराचा वारा

“ह्यास्नी वैरण काय लागतीया?” मामांनी विचारलं.

मी खोक्यातून दुसरी गाडी काढून पहिलीच्या शेजारी अंगणात ठेवली. हातभर लांबीच्या, बॅटरीवर पळणाऱ्या, रिमोटच्या दोन मोटारगाड्या. मी चार्जर दाखवला आणि म्हटलं, ही वैरण. मामांनी चार्जर हातात घेतला, वजन बघितलं, वास घेतला आणि आत मामींना हाक मारून सांगितलं की जनावर खायला कमी आहे, परवडेल.

यात थट्टा नव्हती. आमच्या आत्माराममामांना थट्टा करता येत नसे आणि कुणी केली तर कळत नसे. बैलाशी बोलताना जो चेहरा असायचा तोच माणसाशी बोलताना असायचा, फक्त बैलाशी जरा जास्त वेळ बोलत.

त्यांचं गाव खडकेवाडी, आटपाडीच्या अलीकडं, माळावरचं. तिथल्या सिद्धोबाची पालखी चैत्रात निघते. आधी बैलगाड्यांची शर्यत आणि मग पालखी, असा तिचा पूर्वापार नियम. ज्या घरची गाडी पहिली येईल त्या घरच्या बाईनं पालखीला पहिलं ओवाळायचं. त्याशिवाय भोई खांदाच देत नाहीत. देशात शर्यतींवर बंदी आली तेव्हा गावानं एक वर्ष पालखी तशीच उचलली, तर त्या वर्षी पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षीही तशीच उचलली, तर पाऊस पडला, पण शेजारच्या गावात पडला. हे दुसरं गावाला जास्त लागलं.

मग पंच बसले. रिमोटच्या गाड्या पळवायच्या ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली हे आजही कुणी कबूल करत नाही. देवाची परवानगी पाहिजे म्हणून गुरवानं मूर्तीला कौल लावला. उजव्या बाजूची कळी खाली पडली, म्हणजे देवाची हरकत नव्हती. देवाची नव्हती, पण पंचांची होती. त्यांचं म्हणणं, एकट्या बैलाची कधी शर्यत असते का? जोडी पाहिजे. जोडी म्हटली की जू आलं, आणि जू म्हटलं की मागं छकडा आला. शेवटी गावच्या सुताराला दोन-दोन मोटारगाड्यांना जुंपायचे लाकडी छकडे करायला सांगितलं. त्यानं मन लावून केले. चांगले सागवानी.

मी तेव्हा सांगलीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होतो आणि अशा गाड्यांचं मला वेड होतं. माझी आई या वेडाला ‘दिवटेपणा’ म्हणायची. मामांचा फोन आला तेव्हा तिनं तो माझ्याकडं देताना पहिल्यांदाच माझ्याकडं आदरानं बघितलं.

मामांनी गाड्यांची नावं मल्हाऱ्या आणि हिऱ्या ठेवली. गोठ्यातल्या खऱ्या बैलांचीही तीच नावं होती. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मामांनी दोन्ही गाड्या गोठ्यात नेऊन त्यांच्यापुढं धरल्या आणि यंदाचं वर्ष हे पळतील, तुम्ही निवांत बसा, असं समजावून सांगितलं. खऱ्या हिऱ्यानं खोट्या हिऱ्याला चाटलं. मामांचे डोळे भरून आले.

तिथंच, गोठ्यात, त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली.

“मला नंबर नको, सुयोग. नंबर घिऊन मी काय करू? एकदा हौसाच्या हातात ती आरती बघायची हाय.”

हौसामामींना मूल नव्हतं. खडकेवाडीत अशा बाईला कुणी तोंडावर काही बोलत नसे, पण ओटी भरायची वेळ आली की तिला पाणी आणायला पाठवत, आणि बारशाला पाळण्यापाशी बोलवायचं राहून जात असे. पालखीला ओवाळायला तिला कुणी कधीच पुढं केलं नसतं. मात्र शर्यत जिंकलेल्या घरची बाई म्हणजे बाई. तिथं कुणी ओटी बघत नाही, तो देवाचाच नियम. मामांनी सगळी हयात बैल पोसले, पळवले, ते यासाठी. आणि दर वर्षी त्यांचा दुसरा नंबर यायचा. पहिला इंगवल्यांचा. इंगवले गावचे मोठे लोक, त्यांच्या वैनीसाहेब दर वर्षी पालखीला ओवाळायच्या, आणि त्यांना चार मुलगे होते.

मामींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, मला कशाला मेलं ते ताट, घरात काय ताटं कमी आहेत? पण यात्रेच्या आठवडाभर आधी त्यांची हिरवी इरकल उन्हात वाळत घातलेली मी बघितली.

सराव सुरू केला आणि पहिल्याच फेरीला मोटारी तापल्या. तापणारच. ही यंत्रं मोकळ्या मैदानात सुसाट पळायला केलेली. त्यांना सागवानी छकडा ओढायला लावला तर त्यांनी तरी काय करावं? वर चैत्रातलं ऊन. मोटारीला बोट लावलं तर चटका बसत होता. मी सांगलीला जाऊन दोन पंखे आणले. काडेपेटीएवढे, मोटारीच्या डोक्यावर बसवायचे आणि त्याच बॅटरीवर फिरणारे. बसवल्यावर फरक पडला. पूर्ण पट्टा न थांबता पार झाला.

मामा गुडघ्यावर बसून त्या पंख्यांकडं कितीतरी वेळ बघत राहिले. बैलाला स्वतःचा पंखा ही कल्पना त्यांना फार आवडली. आपल्या बैलांनाही असं काही बसवता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं तेव्हा ते जरा नाराज झाले.

पण दुसऱ्या दिवशी फेरीनंतर एक मोटार जळाली. मी हात-पाय धुवायला गेलो होतो, तेवढ्यात. परत आलो तर दोन्ही गाड्यांवर झूल पांघरलेली. आरशांची, गोंड्यांची, मामींनी स्वतः भरलेली जाड झूल. खाली पंखे गोंड्यांत अडकून जीव तोडून कुरकुरत होते आणि जळक्याचा वास सुटला होता.

मी संतापलो. झूल ओढून काढली. मामा शांतपणे म्हणाले की पळून आलेल्या जनावराचं अंग गरम असतं, त्याला एकदम वारा लागला तर सांधे धरतात, म्हणून आधी झूल टाकायची. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, मामा, याला सांधे नाहीत. त्यांनी चाकाच्या आतल्या बाजूला बोट दाखवून विचारलं, मग हे काय हाय? ते सांधेच होते.

नवी मोटार आणली. मामांकडून शब्द घेतला की झुलीला हात लावायचा नाही. त्यांनी शब्द दिला, पण बेलभंडारा उचलून द्यायला तयार झाले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शर्यतीच्या दिवशी भर दुपारी माळावर सगळा गाव जमला. तीन घरच्या तीन जोड्या होत्या: इंगवल्यांची, मगदुमांची आणि आमची. बाकीच्या घरांना गाड्या मिळाल्या नव्हत्या. गाड्यांना गुलाल लावलेला, टपावर पितळी शिंगं चिकटवलेली. पालखी देवळाच्या पायरीशी सजून बसली होती आणि तिथंच शेवटची रेघ होती. रिमोट धरणाऱ्यांनी सुरुवातीच्या दोरीमागं उभं राहायचं, जागा सोडायची नाही, हाही नियम. बैलांना पळवणारा गाडीवान छकड्यात बसतो, तो मध्येच उतरत नाही, म्हणून.

झेंडा पडणार इतक्यात भाऊसाहेब इंगवल्यांनी हात वर केला. आत्मारामच्या बैलांच्या डोक्यावर काहीतरी फिरतंय, ते काय आहे?

पंच जमा झाले. मी पंखा म्हणजे काय ते समजावलं. भाऊसाहेबांचं म्हणणं असं की झेंडा पडल्यावर जनावराला बाहेरची मदत चालत नाही; पाणी नाही, चाबूक नाही, मग वारा कसा चालेल? मी म्हटलं, पंखा गाडीचाच भाग आहे. त्यावर एक पंच म्हणाले की मग तो कुठल्या बैलाचा कुठला अवयव आहे ते सांग. बराच खल झाला. थोरले पंच म्हणजे म्हातारे विठोबा मगदूम. त्यांची स्वतःची जोडी शर्यतीत होती, पण त्याची हरकत कुणी घेतली नाही. त्यांनी निकाल दिला. यंत्राचा वारा बाद. मात्र जुना रिवाज आहे की पळता पळता बैल बसलाच, तर त्या घरच्या बाईनं, आणि फक्त बाईनं, जाऊन पदरानं वारा घालायचा. उठला तर उठला. त्या रिवाजाला कुणाची ना नाही.

पंखे मी माझ्या हातानं काढले. मामा बाजूला उभे होते.

मी मामींना बाजूला घेऊन घाईघाईनं सांगितलं. गाडी तापून बंद पडणार हे नक्की. बंद पडली की पाठीवरचा दिवा लाल होईल. मोटार निवली की दिवा हिरवा होईल. मी दोरीमागं लांब असणार, मला दिवा दिसणार नाही. हिरवा झाला की तुम्ही नुसता हात वर करा, मी रिमोट दाबतो. आणि पाणी अजिबात टाकू नका. मामींनी इरकलीचा पदर कमरेतून सोडला आणि म्हणाल्या, लाल म्हंजी थांबायचं, हिरवा म्हंजी चालायचं, एवढं मला ठावं हाय, मी विट्याला चारदा गेलेली हाय.

झेंडा पडला. सहा मोटारी आणि तीन सागवानी छकडे गुलाल उडवत निघाले. गाव ओरडत दोन्ही बाजूंनी पळत होता. अर्ध्या वाटेपर्यंत मगदूम पुढं होते, मग त्यांची जोडी बसली. मगदुमांच्या सूनबाई धावत गेल्या, पण घाबरून त्यांनी पदराबरोबर तांब्याही नेला होता आणि तो त्यांनी सवयीनं बैलाच्या डोक्यावर ओतला. चर्र झालं, धूर निघाला आणि एक पितळी शिंग गळून पडलं. थोरल्या पंचांनी आपल्याच घरची जोडी बाद केली. न्यायात कसूर नव्हती.

आमची जोडी आणि इंगवल्यांची जोडी बरोबरीनं पुढं गेली आणि देवळाच्या पायरीपासून चार हातांवर दोन्ही जोड्या एकदमच बसल्या. अगदी शेजारीशेजारी.

त्यानंतर जे झालं ते शर्यत म्हणून कुठं सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात. सगळा गाव गप्प झाला. वैनीसाहेब आणि हौसामामी आपापल्या गाडीपाशी खाली बसल्या आणि पदरानं वारा घालू लागल्या. बस्स. दुसरं काही नाही. भर उन्हात हजार माणसं दोन जोड्या निवायची वाट बघत उभी. पालखीचे भोईही उभे. हलगीवाल्यानं मध्येच थोडं वाजवून बघितलं, पण कुणीतरी त्याच्यावर डोळे वटारले. वैनीसाहेबांच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. त्यांना वारा घालायची सवय नव्हती, दमल्या की हात बदलत होत्या. मामींचा हात एका लयीत चालला होता. लांबूनही मला दिसत होतं, आमची मोटार आधी निवणार.

आणि मामा गर्दीतून झूल घेऊन निघाले.

मी ओरडलो, पण मामांनी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी काय? जनावर तापून बसलंय, अंगावर उघडा वारा लागतोय, हे मामांना बघवेना. त्यांनी शब्द दिला होता तो मोडला. त्यांनी झूल उलगडली आणि दोन्ही गाड्यांवर टाकली, गोंडे सरळ केले, आणि पाठीवरून हात फिरवला.

मामींचा हात थांबला. त्यांनी झूल एका हातानं धरली आणि फेकून दिली. मग सगळ्या गावासमोर, देवासमोर, मामांना म्हणाल्या, आवाज न चढवता, पण तो मला दोरीमागं ऐकू आला:

“अवं, वारा लागून कुणी मरत न्हाई. जलमभर मीच घालत आलीया, सगळ्यास्नी. बैलास्नी घातला, तुमास्नी घातला. मला कवा कुणी घातला?”

मामा तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी बदललेला बघितला नव्हता, तेव्हा बघितला. बैलाच्या अंगात काटा रुतलेला आपल्याला इतके दिवस दिसलाच नाही, असं कळल्यावर त्यांचा झाला असता तसा. मग त्यांनी डोक्याचा पटका सोडला. सगळ्या गावादेखत पटका सोडणं ही काय गोष्ट आहे हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. मामांनी पटक्याची चौघडी केली, मामींच्या मागं उकिडवे बसले आणि मामींना वारा घालू लागले.

पंचांत चुळबुळ झाली. भाऊसाहेबांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. पण बाईनं बैलाला वारा घालावा एवढाच नियम होता. पुरुषानं बाईला घालू नये असा नियम नव्हता, कारण तशी वेळच गावावर कधी आली नव्हती. थोरल्या पंचांनी विचार करून मान हलवली. चालू द्या म्हणाले.

मामी मोटारीला वारा घालत होत्या, मामा मामींना घालत होते. पटका मोठा, त्यामुळं वाराही चांगला लागत असावा. मामींची बट उडत होती. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या. माझा अंगठा रिमोटवर होता आणि डोळे मामींच्या हातावर. तो हात वर व्हायची मी वाट बघत होतो.

हात वर झाला तो वैनीसाहेबांचा. इंगवल्यांच्या पोरानं रिमोट दाबला, त्यांचा छकडा कण्हत उठला आणि चार हात पुढं जाऊन पायरीला टेकला. हलगी वाजली, गुलाल उडाला. वैनीसाहेब घामानं भिजलेल्या, केस सुटलेल्या, तशाच उठल्या आणि नेहमीप्रमाणं त्यांनीच पालखीला पहिलं ओवाळलं. भोयांनी खांदा दिला. आमचा दुसरा नंबर आला.

मामींनी वारा घालणारा हात खाली घेतला, पदर पुन्हा कमरेला खोचला आणि बायकांच्या घोळक्यात मागं जाऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं ऊन लागलं.

संध्याकाळी मामा गोठ्यातून बाहेर येईनात. माझ्यामुळं गेलं, म्हणत होते. झूल टाकली नसती तर मोटार आधी निवली असती. एका झुलीपायी हौसाचं ताट गेलं. मी त्यांना समजावलं की झूल किती वेळ होती, जेमतेम दोन श्वास. ते ऐकेनात. खऱ्या हिऱ्याच्या पाठीवर डोकं टेकून बसून राहिले.

मी रागारागानं परड्यात आलो. मामी गाड्यांवरचा गुलाल ओल्या फडक्यानं पुसत होत्या. मी म्हटलं, मामी, एक कळत नाही. दोन्ही जोड्या सारख्याच तापल्या होत्या, तुमचा हात एकदाही थांबला नाही, वैनीसाहेब तर दहादा थांबल्या. मग आपला दिवा त्यांच्यानंतर कसा हिरवा झाला?

मामी पुसत राहिल्या.

“नंतर कुठला? लई आधी झालता.”

मग हात का नाही वर केला, असं मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण त्यांनी आधी गोठ्याकडं बघितलं.

“हात वर केला असता तर तू गाडी सोडली असतीस. गाडी गेली की हे उठलं असतं.” त्यांनी फडकं पिळलं. “ह्या वक्ताला म्हटलं, घालू दे थोडा वेळ. ताट काय, दरसाल आसतंय.”

मी म्हटलं, मामा तिकडं स्वतःला दोष देत बसलेत, निदान त्यांना तरी सांगा.

“नको,” मामी म्हणाल्या. “न्हाई सांगायचं. तूबी सांगू नगंस.”

मला तो निष्ठुरपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मामींनी मला जेवायला वाढलं.

ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. मी सुट्टीला गेलो होतो. जेवणं झाली आणि लाइट गेली. दुपारची ती तिकडं रोजच जाते. मामी सोप्यात चटईवर आडव्या झाल्या. मामांनी खुंटीवरचा पटका काढला, त्याची चौघडी केली आणि त्यांच्या उशाशी बसून वारा घालू लागले. मला हळूच म्हणाले, गेल्या साली माझ्या हातनं हिचं ताट गेलं, तवाधरनं घालतोय, तेवढंच पापक्षालन. मामींनी डोळे मिटलेलेच होते. त्या कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, जरा पायाकडंबी येऊ द्या.